नात्यातलं नाही

आई असेपर्यंत हे प्रकरण लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. ती काही वाचणार नव्हती. तिला जेमतेम सही यायची, आणि शेवटी शेवटी डोळ्यांनी तीही येईना. पण दुपारची झोप झाली की ती माझ्या टेबलाशी येऊन बसायची आणि "काय लिवतीस गं एवढं?" म्हणून विचारायची. तिच्याशी खोटं बोलणं मला जमत नाही अशी माझी समजूत होती. आता ती नाही, आणि त्या समजुतीत काही अर्थ नव्हता हेही मला कळून चुकलं आहे.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पाच माणसं राहायची. वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथवर होते आणि सायकलनं जायचे. आई, आबांची आई म्हणजे आमची आजी, माझा थोरला भाऊ विलास, ज्याला मी दादा म्हणायचे, आणि मी. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानावर यायचा तो तांब्या घासल्याचा आवाज. आई मोरीत बसून चिंचेनं तो तांब्या असा काही लख्ख करायची की त्यात तोंड बघून घ्यावं. मग हाक यायची, "आत्या, उठता का? चहा टाकलाय." ही हाक आजीला असायची. आमच्या गल्लीतल्या निम्म्याअधिक सुना सासूला आत्याच म्हणायच्या, तशी पद्धतच आहे आमच्याकडं, त्यामुळं कुणी कान टवकारण्यासारखं त्यात काही नव्हतं. आमच्या घरात मात्र ती खरोखरची आत्या होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी तिच्या माहेरी जायची, आई तिच्या माहेरी जायची आणि आम्ही आमच्या आजोळी जायचो, आणि ही सगळी मंडळी एकाच एस.टी.नं एकाच घरी उतरायची. मला त्याची गंमत वाटायची. आबांनी आपल्या सख्ख्या मामाची मुलगी केली होती. मामाची मुलगी म्हणजे हक्काची, त्यात सांगण्यासारखं काय?

दादाचं अक्षर हे आमच्या घरातलं एकमेव वैभव होतं. गल्लीतला कुठलाही फॉर्म, शाळेचा असो की रेशनचा, दादाकडं यायचा. गणपतीच्या मंडळाचा फळा तोच लिहायचा. त्याच्या इंग्रजी अक्षरांना एक शेपटी असायची, विशेषतः 'आर'ला आणि 'एन'ला. शेवटची रेघ खाली उतरून जरा वळायची. मी त्याच्या मागं बसून ती शेपटी चोरून गिरवायचे. एकदा त्यानं माझी वही पाहिली आणि म्हणाला, "सुमे, तुला काढायला येती, पण तू भिऊन काढती. शेपटी न भिता सोडायची असती." मी तेव्हा आठवीत होते. तो बारावीत. त्याला इंजिनिअर व्हायचं होतं आणि मला दादा व्हायचं होतं.

त्याला कावीळ झाली ती त्या वर्षीच्या थंडीत. कावीळ काय, सगळ्यांनाच होते. उसाचा रस झाला, गावाकडचं औषध झालं, डोळ्यांचा पिवळेपणा उतरला. पोरगं अशक्त झालं म्हणून मग आईनं कंबर कसली. रोज सकाळी रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी, त्यानं यकृत धुऊन निघतं असं तिला कुणीतरी सांगितलेलं. त्यावर दोन शेंगदाण्याचे लाडू, तीळ घालून. रविवारी आबा खास कलेजी आणायचे, आणि ती फक्त दादाच्या ताटात. मी हट्ट केला तर आई माझ्या हातावर एक लाडू टेकवायची आणि म्हणायची, "त्याच्या अंगाला लागू दे आधी." त्याच्या अंगाला ते लागत होतंच. पुढं मी ज्या धंद्यात पडले त्यात मला हे नीट, कारणांसकट कळलं. काही जणांच्या यकृताला अन्नातलं तांबं बाहेर टाकता येत नाही. ते साठत जातं, आधी यकृतात, मग मेंदूत, मग डोळ्यांत. अशा माणसानं काय खाऊ नये याची यादी केली तर ती आईच्या त्या हिवाळ्यातल्या स्वयंपाकाची यादी होईल. या आजाराला कुण्या परदेशी डॉक्टरचं नाव आहे. आमच्या घरात आम्ही त्याला तांब्याचा आजार म्हणतो, आणि आई 'तांब्याचा' म्हणताना मोरीकडं बघायची.

पहिल्यांदा बिघडलं ते अक्षर. ते बारीक व्हायला लागलं. शेपट्या गेल्या, मग ओळी उताराला लागल्या. मग बोलणं जड झालं. शेजारच्या खालांनी सगळ्यांच्या आधी ओळखलं. दारातून आईला म्हणाल्या, "विलास की जबान कायकू लटपटा री? कल सलाम करा तो मेरेकू समझाच नहीं." आईनं हसून सोडून दिलं. आबांना मात्र वाटलं की पोरगं प्यायला लागलंय. त्यांनी त्याचं तोंड हुंगलं, मग एक दिवस माझ्यासमोर त्याच्या कानशिलात दिली. दादा आधी हसला आणि मग रडायला लागला, आणि ते रडणं त्याला थांबवता येईना. आबा तो हात पाठीमागं धरून बराच वेळ उभे होते. त्या वर्षी दादा बारावीला नापास झाला. पेपर तपासणाऱ्याला त्याचं अक्षरच लागलं नसणार.

मग मोठा डॉक्टर. आठवड्यातून एकदा बाहेरगावाहून यायचा, त्याचा नंबर मिळायला महिना गेला. आम्ही सगळेच गेलो. बाहेरच्या बाकावर आई दादाला खांद्याला टेकवून बसली, त्याच्या तोंडातून गळणारी लाळ पदरानं पुसत, आणि तिच्या पलीकडं आजी. आत काउंटरवर आबा आणि मी. तिथल्या माणसानं एक इंग्रजी फॉर्म पुढं सरकवला. आबांनी सवयीनं मागं वळून "विलास" अशी हाक मारली. मग त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

आता लाज वाटते, पण खरं सांगते, मला आनंद झाला होता. माझा भाऊ बाहेर बाकावर कलंडला होता आणि मी त्याच्या शेपट्या काढत होते, न भिता, एकेक अक्षर सुटं. नाव, वय, पत्ता. एका रकान्यापाशी मी अडले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "आईवडलांचं लग्न नात्यात झालंय का, रक्ताच्या?"

"नाय नाय," आबा म्हणाले, जरा दुखावल्यासारखे. "आमच्यात तसलं नसतं. भावकीत पोरगी करतंय व्हय कुणी? देवक बघून झालेलं लग्न हाय आमचं."

मला सगळं माहीत होतं, ती एस.टी., ते एक घर, सगळं. पण आबांचं म्हणणं मला अगदी बरोबर वाटलं. नात्यातलं म्हणजे भावकीतलं, आपल्या आडनावाचं, आपल्या देवकाचं. मामाचं आडनाव वेगळं, देवक वेगळं, ते आपले सोयरे. सोयरे म्हणजे नातं कसं? मी त्या रकान्यात 'नो' लिहिलं. 'एन'ची शेपटी इतकी छान उतरली की मी ती क्षणभर बघत राहिले.

डॉक्टर हुशार होता, हे मी आज त्याच्याच बाजूनं सांगते. दादाला आजीनं धरून आत आणलं, आई बाहेर बाकावरच राहिली. त्यानं दादाला हात पुढं धरायला लावले, बोटं नाकाला लावायला सांगितली, कावीळ कधी झाली ते विचारलं. कागद उचलला. त्या रकान्यावर त्याची नजर थांबली आणि त्यानं विचारलं, "आईवडील नात्यातले नाहीत?" आबा म्हणाले, "नाय साहेब." तेवढ्यात आई दारातून डोकावली आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या आजीला म्हणाली, "आत्या, पाण्याची बाटली द्या इकडं." उत्तर त्या खोलीत, त्याच्या कानांदेखत बोललं गेलं. पण सासूला आत्या म्हणायची पद्धत त्यालाही माहीत असणार. त्यानं कागद खाली ठेवला. मनावर ताण आहे, अभ्यासाचा, वयाचा, असं म्हणून गोळ्या लिहून दिल्या.

त्या गोळ्यांवर एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला. त्याबद्दल मला फार लिहिता येणार नाही. दादाला भाकरी चावता येईना म्हणून आई ती दुधात कुस्करायची, लाडूही कुस्करायची. कुणी म्हटलं बाहेरचं आहे, तर आजी त्याला घेऊन दर्ग्यालाही गेली आणि देवीलाही. तो बोलायचा ते फक्त मला कळायचं, आणि मग मलाही कळेनासं झालं. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा, मी अंदाजानं एकेक शब्द म्हणायचे, आणि तो डोकं हलवून नाही नाही करत शेवटी भिंतीकडं तोंड फिरवायचा. मी शाळेतून घरी यायचे टाळायला लागले. मैत्रिणीकडं अभ्यास आहे असं सांगून मी रस्त्याच्या कडेला नुसती बसून राहायचे. आई मात्र लोकांना सांगायची, "डोळे बघा कसे घारे व्हायलेत त्याचे, आत्यावर गेला." बुबुळाभोवती खरंच तपकिरी-सोनेरी कड दिसायला लागली होती.

शेवटी त्याच डोळ्यांनी सांगितलं. दिसत नसेल म्हणून अक्षर गेलं असेल, एवढा एकच उपाय करायचा राहिला होता, म्हणून आबा त्याला चष्म्यासाठी घेऊन गेले, बरोबर आई आणि मी. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई मूळच्या जालन्याकडच्या. यंत्रातून एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, दिवा बंद करून खुर्चीत मागं टेकल्या. नात्यात लग्न आहे का, हे त्यांनीही विचारलं. आबा "नाय" म्हणाले. त्या आईकडं वळल्या.

"बाई, माहेर कुठलं तुमचं?"

"आडगाव."

"आणि ह्यांचं आजोळ?"

"आडगावच की," आई म्हणाली. "माझ्या बापाची सख्खी बहीण हाय ना माझी सासू."

बाईंनी डोळे मिटून घेतले. आबा म्हणाले, "पण बाई, ते नातं नव्हं. सोयरीक हाय ती." मी भिंतीला टेकून उभी होते. उजव्या हाताची बोटं मी फ्रॉकच्या खिशात घातली.

औषध होतं. हे मला अजून सहन होत नाही. औषध तेव्हाही होतं, आणि वेळेवर सापडलेली माणसं त्यावर म्हातारी होतात. मुंबईहून ते यायला जेवढे दिवस लागले तेवढ्यात दादाच्या पोटात पाणी झालं. गोळ्यांची पहिली बाटली अर्धीही संपली नाही. त्या बाईंनी आग्रह धरला म्हणून माझ्याही तपासण्या झाल्या, कारण असा आजार भावंडांत असतो. माझ्यातही तांबं साठत होतं. मला अजून काही होत नव्हतं एवढंच. दादाच्या बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या मी संपवल्या. आज इतक्या वर्षांनी मी रोज रिकाम्या पोटी त्याच गोळ्या घेते, आणि घोट घेताना एखादा दिवसही असा गेला नाही की ही कुणाची बाटली आहे ते आठवलं नाही. दादा आजारी पडला म्हणून मी वाचले. आणि मी ते एक अक्षर नीट काढलं म्हणून तो गेला. डॉक्टर मित्र म्हणतात असं एका रकान्यावर काही ठरत नाही, तू लहान होतीस. मित्रांनी असंच म्हणायचं असतं.

दादाला जाऊन महिना झाल्यावर आबांनी त्याच्या सगळ्या वह्या, पुस्तकं रद्दीत दिली. आईनं अडवलं नाही. तिनं फक्त दवाखान्याच्या पिशवीतला तो फॉर्म काढून घेतला आणि ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवला. मी ते पाहिलं.

मी इंजिनिअर झाले, कारण घरात कुणीतरी व्हायचं होतं. संगणकात शिरले. बरीच वर्षं बाहेर काढून परत आले, पुंडलिकनगरात घर घेतलं, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्याला हात घातला. काम सांगायला सोपं आहे. रोग्याची लक्षणं, घरच्यांची माहिती आणि जनुकांचा तपास संगणकाला द्यायचा, आणि त्यानं आनुवंशिक आजारांची यादी लावायची, सगळ्यात शक्य तो वर. हे त्याला नियम सांगून येत नाही; निदान झालेल्या माणसांचे जुने कागद दाखवून दाखवून शिकवावं लागतं. आमचा प्रोग्रॅम दूरदूरच्या कागदांवर शिकला आणि तिथं उत्तम चालला. इथं, माझ्याच गावात, तो पोरांची निदानं चुकवायला लागला. आमच्या पंचक्रोशीतली, शेतकऱ्यांची, मेंढपाळांची पोरं. जो आजार यादीत वर यायला हवा तो तळाला. एक मुलगी गेली तेव्हा मी प्रोग्रॅम बंद करून टाकायला निघाले होते.

माझ्याकडं काम करणारा प्रणव, लई चटपटीत पोरगा, त्यानं चुकलेले सगळे कागद एका बाजूला काढले. जनुकांत दिसत होतं की आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली पानंच्या पानं अक्षर न् अक्षर सारखी आहेत. म्हणजे दोघांचा पूर्वज एकच. आणि फॉर्मवर, नात्यात लग्न: नाही. प्रत्येक फॉर्मवर. "मॅडम, लोक खोटं बोलतात," प्रणव म्हणाला. मी त्याच्यावर अशी खेकसले की तो बिचारा खुर्चीतून उठला. लोक खोटं बोलत नाहीत, म्हटलं. आपल्याला त्यांची भाषा येत नाही. त्याच दिवशी मी तो रकाना काढून टाकला आणि मुलाच्या आईला विचारायचा एक प्रश्न घातला: लग्नाआधी सासूबाईंना काय म्हणायचात? ऑफिसातली पोरं हसली. 'लग्नाआधी' या शब्दाखाली मी रेघ मारली, कारण लग्नानंतर सगळ्याच आत्या म्हणतात.

प्रश्न बाहेर जायच्या आधी मला तो दादावर चालवून बघायचा होता. आईकडं फॉर्म मागितला. तिनं ट्रंकेतून काढून "घडीवर फाटायलाय, जपून" म्हणत दिला. मी त्याची लक्षणं भरली, नात्यापुढं फॉर्मवरचं 'नाही' भरलं. तांब्याचा आजार यादीत खाली कुठंतरी गेला. मग 'हो' भरलं. तो पहिल्या पानावर, दुसऱ्या ओळीत आला. मी तो फॉर्म हातात घेऊन उठले. स्वयंपाकघरात गेले. आई मेथी निवडत होती.

"आई, लग्नाच्या आधी तू आजीला काय म्हणायचीस?"

"आत्या. दुसरं काय म्हणणार? तिनंच तर मला लहानपणी न्हाऊ घातलेलं." तिनं काड्या बाजूला केल्या. मग तिचा हात थांबला. "त्या पयल्या डॉक्टरनं एवढं इचारायचं की मला. मी बाहेरच तर बसले होते."

मी तिच्यासमोर खाली बसले. त्यानं विचारलं होतं, आई, आणि उत्तर मी लिहिलं, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण तिनं माझ्या हातातला कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि एका एका ओळीवरून बोट फिरवायला लागली. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. बोट खाली खाली येत त्या 'नो'वर थांबलं, त्याच्या शेपटीवर.

"ही बघ," ती म्हणाली. "हात एवढा कापायचा त्याचा, तरी बघ कशी काढली. तुझ्या बापानं समद्या वह्या देऊन टाकल्या, एवढंच राहिलंय माझ्यापाशी." मग तिनं कागद माझ्यापुढं धरला. "मला आता नीट दिसत नाय. विलासचंच हाय ना गं हे?"

"व्हय," मी म्हणाले. "दादाचंच आहे."